मोजणारे आणि मोजले जाणारे : कॅनडातलं आदिवासी बेघरपण आणि भागीदारीतल्या संशोधनाचा इतिहास

आजचा विषय भूगोलाने दूरचा आहे. कॅनडा देश, त्यातही मॅनिटोबा प्रांत, आणि त्या प्रांताची राजधानी विनिपेग हे आपल्या बोलण्याचं मुख्य ठिकाण. तिथल्या आदिवासी समाजांतले लोक बेघर कसे झाले, त्यांच्या बेघरपणाचा अभ्यास कोणी आणि कसा केला, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत 'आमच्यावर संशोधन करू नका, आमच्याबरोबर करा' ही मागणी कशी उभी राहिली, हे आपल्याला पाहायचं आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, इतिहासकार नव्हे. पण ज्ञान कोणाचं, ते मिळवण्याचा अधिकार कोणी दिला, हे प्रश्न आमच्याच अंगणातले आहेत, म्हणून हा विषय घेतला.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. कॅनडाच्या राज्यघटनेत तिथल्या मूळ समाजांचे तीन गट मानले आहेत. पहिला फर्स्ट नेशन्स, ज्यांना कायद्यात अजूनही 'इंडियन' म्हणतात. कोलंबस चुकीच्या किनाऱ्याला लागला आणि नाव आपलं त्यांना चिकटलं, ते आजतागायत कायद्याच्या पुस्तकातून निघालेलं नाही. दुसरा गट इन्यूइट, उत्तर ध्रुवाकडचे. तिसरा मेती, म्हणजे आदिवासी स्त्रिया आणि फर व्यापारासाठी आलेले युरोपीय पुरुष यांच्या वंशातून घडलेला स्वतंत्र समाज, स्वतःची भाषा आणि स्वतःची ओळख असलेला. या तिघांना मिळून आपण आज 'आदिवासी' म्हणणार आहोत. शब्द अपुरा आहे, पण मराठी कानाला त्यातून जमीन, जंगल, हुसकावणं हे सगळं ऐकू येतं, आणि इथे तेच हवं आहे.

आता एक आकडा. कॅनडाच्या लोकसंख्येत आदिवासी साधारण ५ टक्के. २०१८ साली देशभरच्या शहरांत बेघरांची गणती झाली तेव्हा स्वतःला आदिवासी म्हणवणारे सुमारे ३० टक्के निघाले. विनिपेगमध्ये तर हे प्रमाण साधारण दर तिघांत दोन असं होतं. ज्यांची भूमी, तेच त्या भूमीवर सर्वांत जास्त बेघर. हे नुसत्या गरिबीने होत नाही. गरीब तर स्थलांतरितही असतात, आणि दोन पिढ्यांत त्यांच्यातले बरेच घरदार करून बसतात. इथे काहीतरी वेगळं घडलेलं आहे, आणि त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

मेतींपासून सुरुवात करू. १८७० साली मॅनिटोबा प्रांत झाला तो लुई रिएल यांच्या नेतृत्वाखालच्या मेतींनी केलेल्या उठावातून. त्या वेळच्या कायद्यात मेतींच्या मुलांना १४ लाख एकर जमीन देण्याचं वचन होतं. वचन कागदावर राहिलं. वाटप वर्षानुवर्षं लांबलं, पुढे जमिनीऐवजी 'स्क्रिप' नावाची प्रमाणपत्रं दिली गेली, आणि दलालांनी ती मिळेल त्या भावाने उचलली. आपल्याकडे सावकाराने अंगठे घेऊन जमिनी कशा लाटल्या हे ज्याला माहीत आहे त्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. १८८५ मध्ये पश्चिमेला पुन्हा उठाव झाला, तो मोडला गेला, रिएल यांना फाशी झाली. तब्बल १२८ वर्षांनी, २०१३ साली, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मॅनिटोबातल्या त्या जमिनीच्या बाबतीत सरकारने आपला शब्द नीट पाळला नव्हता. 

जमीन गेलेले मेती कुठे गेले? सरकारने मोजणी करून चौकोनी शेतं आखली होती आणि शेतांमध्ये भविष्यातल्या रस्त्यांसाठी अरुंद पट्ट्या राखून ठेवल्या होत्या. त्या पट्ट्या कोणाच्याच नव्हत्या, म्हणजे सरकारच्या होत्या. मेती कुटुंबं तिथे झोपड्या बांधून राहू लागली. त्यांना नावच पडलं 'रस्त्याच्या पट्टीवरचे लोक'. कर भरत नाहीत म्हणून मुलांना शाळा नाही, आणि जमिनीचा कागद नाही म्हणून कधीही उठवता येईल. 

शहरांच्या कडेलाही हेच. विनिपेगच्या नैर्ऋत्य टोकाला 'रूस्टर टाउन' नावाची मेती वस्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. पाण्याचा नळ नाही, गटार नाही. १९५१ च्या सुमाराला शहरातल्या वर्तमानपत्रांनी या वस्तीवर लेख छापले : घाण, रोगराई, कामचुकार लोक. शाळेत तिथल्या मुलांचा हात धरू नका असं इतर मुलांना पालक सांगतात, अशीही बातमी आली. त्यानंतर दहाएक वर्षांत शहर वाढत तिकडे पोहोचलं, कुटुंबांना किरकोळ रक्कम देऊन हलवलं, आणि त्या जागेवर शाळा आणि बाजारसंकुल उभं राहिलं.

रूस्टर टाउनकडे आपण मुद्दाम थांबतो आहोत. विनिपेग विद्यापीठातल्या भूगोलाच्या प्राध्यापक एव्हलिन पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली या वस्तीचा इतिहास पुस्तकरूपाने आणला. त्यांनी काय केलं? शिरगणतीचे तक्ते, मालमत्ता-कराच्या नोंदी, शहराच्या जुन्या पत्त्यांच्या वह्या, असं सगळं काढून एकेका कुटुंबाची साठ वर्षांची हकीकत जुळवली. त्यातून दिसलं ते वर्तमानपत्रांच्या अगदी उलट. माणसं मजुरीला जात होती, स्वतःच्या हाताने घरं बांधत होती, कितीतरी जणांनी जमिनीचे तुकडे रीतसर विकत घेतले होते. म्हणजे हे बेघर लोक नव्हतेच. घर असलेल्या लोकांना बेघर करण्यात आलं आणि त्याआधी त्यांच्या घराला 'घर' म्हणणं बंद करण्यात आलं. आम्हाला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. बुलडोझर नंतर येतो, शब्द आधी येतो. आपल्याकडे 'अनधिकृत' हा शब्द किती कामं करतो ते आठवा.

फर्स्ट नेशन्सची गोष्ट थोडी वेगळी. १८७६ चा इंडियन कायदा हा त्यांच्या आयुष्याचा चौकोन. त्यांनी राहायचं ते 'रिझर्व्ह'मध्ये, म्हणजे राखीव क्षेत्रात; आणि इंडियन कोण, हे सरकार ठरवणार. या कायद्यात एक कलम असं होतं की इंडियन स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर ती इंडियन उरत नाही. पुरुषाने केलं तर मात्र त्याचं काही जात नाही, उलट त्याची गोरी बायको कायद्याने इंडियन होते! दर्जा गेला की रिझर्व्हमध्ये राहण्याचा हक्क गेला. नवरा वारला किंवा त्याने टाकलं, तर माहेरीही जागा नाही. सँड्रा लव्हलेस या टोबीक इथल्या स्त्रीने लग्न मोडल्यावर मुलाला घेऊन परत येऊन पाहिलं, घर नाकारलं गेलं. तिथल्या बायकांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी घरांच्या प्रश्नावरूनच आंदोलन उभं केलं, १९७९ मध्ये राजधानी ओटावापर्यंत पायी मोर्चा नेला. लव्हलेस यांची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेली, १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरलं, आणि १९८५ साली ते कलम निघालं. तोवर कितीतरी बायका-मुलं शहरांच्या फूटपाथवर येऊन पोहोचली होती.

निवासी शाळांबद्दल आपण थोडक्यात बोलू, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. सुमारे दीड लाख मुलं शंभराहून अधिक वर्षांत आईबापांपासून तोडून या शाळांत टाकली गेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. त्याआधीच मुलं 'बालसंरक्षणा'च्या नावाखाली गोऱ्या घरांत दत्तक दिली जाऊ लागली होती. आजही मॅनिटोबात सरकारी देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांत जवळजवळ ९० टक्के आदिवासी आहेत, आणि विनिपेगच्या बेघरांच्या गणतीत साधारण निम्म्या लोकांनी सांगितलं की लहानपणी आपण अशा देखरेखीत वाढलो. अठराव्या वर्षी ही देखरेख साधारणपणे संपते. पोरगं कुठे जाणार?

आणखी एकच उदाहरण, कारण ते मॅनिटोबाचं आहे. सायिसी डेने हे उत्तरेतले कॅरिबू हरणांच्या मागे फिरणारे लोक. हरणं कमी होत आहेत, हेच लोक बेसुमार मारतात, असा सरकारी समज झाला आणि १९५६ साली त्यांना विमानाने उचलून हडसन उपसागराच्या काठी चर्चिल इथे नेऊन सोडलं. घरं नाहीत, शिकार नाही. पुढच्या वर्षांत त्यांतले सुमारे एक तृतीयांश लोक थंडी, आगी, दारू, हिंसा यांत गेले. उरलेले १९७३ मध्ये स्वतःहून परत आत टॅडूल सरोवराकाठी जाऊन राहिले. माफी २०१६ साली आली. या हलवाहलवीमागे कोणाचं तरी एक निरीक्षण होतं, कोणी तरी हरणं मोजली होती, हे लक्षात ठेवू. इथून आपण संशोधनाकडे वळतो.

१९४२ साली उत्तर मॅनिटोबातल्या क्री वस्त्यांवर सरकारी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ गेले. लोक अक्षरशः उपाशी होते. तज्ज्ञांनी ओळखलं की जीवनसत्त्वांची कमतरता आहे. मग त्यांनी काय करावं? सुमारे ३०० जणांपैकी १२५ जणांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना दिल्या नाहीत, तुलना करता यावी म्हणून. पुढे १९४८ ते १९५२ या काळात सहा निवासी शाळांतल्या मुलांवर असेच प्रयोग झाले. अल्बर्नी इथल्या शाळेत मुलांना दूध गरजेच्या निम्म्याहूनही कमी मिळत होतं. ते वाढवल्यावर काय फरक पडतो हे पाहायचं होतं, पण त्याआधी तुलनेसाठी दोन वर्षं ते तसंच कमी ठेवलं गेलं. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी २०१३ साली हे सगळं कागदपत्रांसह मांडलं तेव्हा देशभर खळबळ उडाली. या प्रयोगांत भाग घेणारे लोक राक्षस नव्हते. त्यांना आदिवासींचं पोषण सुधारावं असं मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच हे उदाहरण जास्त त्रास देतं. मुलांना भूक लागली आहे हे कळलेलं असताना ती भूक हा त्यांना आधी 'विदा' दिसला.

रक्ताची गोष्टही अशीच. १९८० च्या दशकात व्हँकुव्हर बेटावरच्या नू-चाह-नुल्थ समाजात संधिवात फार, म्हणून आठशेहून अधिक लोकांनी एका संशोधकाला रक्त दिलं. संधिवाताचं कारण काही सापडलं नाही. संशोधक नोकरी बदलत अमेरिकेत गेला, मग इंग्लंडमध्ये, आणि रक्ताचे नमुने त्याच्या सामानाबरोबर फिरले. त्यांच्यावर मानववंशाच्या स्थलांतरांचे अभ्यास झाले, निबंध छापले गेले. रक्त देणाऱ्यांना याचा पत्ता कित्येक वर्षांनी लागला. २००४ मध्ये नमुने परत आले. 

तर या पार्श्वभूमीवर 'संशोधन' हा शब्द आदिवासी वस्त्यांत शिवीसारखा का झाला, ते कळायला अवघड नाही. व्हाइन डेलोरिया या लेखकाने १९६९ सालीच, अमेरिकेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीवर उतरणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांची यथेच्छ टिंगल केली होती. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ मध्ये त्याची तात्त्विक मांडणी केली. पण मांडणी होणं वेगळं आणि नियम बदलणं वेगळं. नियम कॅनडात बदलले, आणि त्याला एक संघर्ष कारण झाला. १९९० च्या उन्हाळ्यात ओका या गावी, मोहॉक लोकांच्या दफनभूमीलगतच्या जागेवर गोल्फचं मैदान वाढवण्यावरून ७८ दिवस सरकारी दलं आणि आदिवासी समोरासमोर उभे होते. त्यानंतर १९९१ मध्ये आदिवासींच्या प्रश्नांवर शाही आयोग नेमला गेला. १९९६ साली त्याचा पाच खंडांचा अहवाल आला. त्या आयोगाने स्वतःच्या संशोधकांसाठी आचारसंहिता केली होती : समाजाला विचारा, त्याला सहभागी करा, निष्कर्ष परत नेऊन द्या.

दरम्यान गंमत अशी झाली की १९९४ मध्ये केंद्र सरकारने लोकांचं आरोग्य, उत्पन्न, मुलं यांच्या मोठ्या दीर्घकालीन पाहण्या सुरू केल्या आणि त्यांतून रिझर्व्हवर राहणारे लोक वगळले. म्हणजे कधी नको इतकं मोजायचं, कधी मोजायचंच नाही. तेव्हा फर्स्ट नेशन्सनी आपली स्वतःची आरोग्य पाहणी केली, आणि तिच्या सुकाणू समितीतून १९९८ मध्ये एक सूत्र निघालं. मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. माहिती आमच्याबद्दल असेल तर ती आमच्या मालकीची. ती कशी गोळा करायची हे आम्ही ठरवणार. ती आम्हाला पाहता आली पाहिजे. आणि शेवटचं, ती प्रत्यक्ष आमच्या कपाटात असली पाहिजे. या चौथ्या मुद्द्यावर सरकारी अधिकारी सर्वांत जास्त अडले. स्वाभाविक आहे. मालकी तत्त्वतः मान्य करायला काही लागत नाही, कपाटाची किल्ली द्यायला लागते. २०१० साली देशातल्या तिन्ही संशोधन-निधी संस्थांच्या नीतिनियमांत आदिवासींबरोबरच्या संशोधनावर एक स्वतंत्र प्रकरण आलं आणि भागीदारी ही सद्भावनेची बाब न राहता विद्यापीठांना बंधनकारक झाली.

इथे आपल्या घरचा एक धागा सांगितला पाहिजे. सहभागी संशोधनाचा इतिहास सांगताना लोक कोलंबियाच्या ऑर्लँडो फाल्स बोर्डा यांचं नाव घेतात, ते बरोबरच आहे. पण त्या विचाराच्या घडणीत त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर तालुक्याचाही वाटा आहे. काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली वारली आणि इतर आदिवासींची भूमिसेना तिथे १९७० च्या दशकात उभी राहिली. बांगलादेशचे अर्थतज्ज्ञ अनिसूर रहमान आणि त्यांचे तीन सहकारी यांनी तिचा अभ्यास केला, तो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरच्या सुशिक्षितांशी कसं वागायचं, याविषयी भूमिसेनेची भूमिका स्पष्ट होती : विचार करायला, विश्लेषणाला मदत हवी तेव्हा आम्ही बोलावू, काय करायचं ते तुम्ही सांगायचं नाही. पुढे रहमान आणि फाल्स बोर्डा यांनी मिळून ग्रंथ संपादित केला, आणि कृती-संशोधनाच्या जागतिक वाङ्मयात पालघरचं नाव गेलं. आपल्या विद्यापीठांत मात्र हे फारसं शिकवलं जात नाही, असो.

आता विनिपेग, २००९. कॅनडाच्या मानसिक आरोग्य आयोगाने पाच शहरांत एक मोठा प्रयोग सुरू केला. ११ कोटी डॉलर, दोन हजारांहून अधिक बेघर आणि मानसिक आजार असलेली माणसं, चार वर्षं. प्रश्न असा : बेघर माणसाला आधी दारू सोड, औषधं घे, मग घर देऊ, असं म्हणायचं, की आधी घर द्यायचं आणि बाकीचं मागून बघायचं? दुसऱ्या पद्धतीला 'हाऊसिंग फर्स्ट' म्हणतात, ती न्यूयॉर्कमध्ये घडली. विनिपेगमधल्या सहभागींत बहुसंख्य आदिवासी होते, म्हणून तिथे मा मावी वि चि इताता सेंटर, अबोरिजिनल हेल्थ अँड वेलनेस सेंटर अशा आदिवासींनी चालवलेल्या संस्था भागीदार झाल्या. सेवा त्यांच्या पद्धतीने, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने, समारंभ आणि शिकवणुकींना जागा देऊन द्यायच्या असं ठरलं.

पण प्रयोगाचा सांगाडा मात्र औषधांच्या चाचण्यांचा होता. आलेल्या माणसाचं नाव संगणकात घालायचं; संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार, याला घर आणि मदत, त्याला नेहमीच्या सेवा, म्हणजे रात्रनिवारा आणि लंगर. देशभरात साधारण हजार माणसं या दुसऱ्या गटात गेली.

श्रोतेहो, १९४२ आठवलं ना? त्याच प्रांतात, एकशे पंचवीसांना गोळ्या आणि बाकीच्यांना नाही. विनिपेगच्या हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली जातो. अशा ठिकाणी, ज्यांच्या आजी-आजोबांना नियंत्रण गट बनवलं गेलं त्यांच्या नातवंडांना पुन्हा नियंत्रण गट बनवायचं का? भागीदारीचा अर्थ फक्त सेवा आमच्या पद्धतीने, आणि प्रयोगाची रचना मात्र आधीच ठरलेली, असा असेल का?

आमचं मत सांगतो, तुम्ही भांडायला मोकळे आहात. दोन्ही घटना एकच आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९४२ मध्ये कोणी कोणाला विचारलं नव्हतं. २००९ मध्ये समजावून संमती घेतली होती. तेव्हा गोळ्या कोणाला नाकारायच्या हे प्रयोगासाठीच ठरवलं गेलं. आता सगळ्यांना पुरतील इतकी घरं मुळातच मंजूर नव्हती, आणि टंचाईत चिठ्ठी काढणं हे वशिल्यापेक्षा बरं, असं कोणीही म्हणू शकेल. शिवाय निकालाला वजन आलं ते याच रचनेमुळे. २०१४ चा अंतिम अहवाल सांगतो की दोन वर्षांत घर मिळालेल्या गटाचा सरासरी ७३ टक्के काळ स्थिर निवाऱ्यात गेला, दुसऱ्या गटाचा ३२ टक्के. प्रयोगाचे असे आकडे नसते तर सरकार हललं नसतं. २०१३ च्या अर्थसंकल्पात वर्षाला जवळजवळ १२ कोटी डॉलर पाच वर्षांसाठी ठेवले गेले आणि त्यांत हाऊसिंग फर्स्टला अग्रक्रम मिळाला. हे सगळं मान्य. तरीसुद्धा कांटचा विद्यार्थी म्हणून आम्हाला एक खडा टोचतो. ज्या माणसाकडे रात्री जायला जागा नाही त्याची 'संमती' कितपत मोकळी असते? घर मिळण्याची निम्मी शक्यता समोर असताना नाही कोण म्हणेल? संमतीच्या अर्जावरची सही खरी असते, पण ती सही करताना हात थंडीने काकडत असतो.

प्रयोगातून आणखी एक गोष्ट वर आली, आणि ती आकड्यात बसत नाही. बेघर माणसाला एकट्यासाठी एक खोली मिळते. लीजवर एकच नाव. मग बातमी जाते, आणि रिझर्व्हवरून मावसभाऊ येतो, निवाऱ्यातली मैत्रीण येते, बहीण पोरांना घेऊन येते. त्यांना दारातून परत पाठवणं आदिवासी रीतीत बसत नाही. चार दिवसांनी घरमालकाची तक्रार, महिन्याने नोटीस. सेवा संस्थांच्या भाषेत याला 'पाहुण्यांचं व्यवस्थापन' म्हणतात! मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडचे सहा-सहा जण ज्यांनी सामावून घेतले त्यांना हा शब्द ऐकून हसू येईल. पण त्यामागे खरा पेच आहे. घर म्हणजे दार लावून घेता येईल अशी जागा, की दार उघडं ठेवता येईल अशी जागा? योजना पहिल्या अर्थावर उभी होती, माणसं दुसऱ्या अर्थाने जगत होती.

हा पेच ज्यांनी नीट शब्दांत आणला ते जेसी थिसल. मेती-क्री घराण्यातले; स्वतः कित्येक वर्षं व्यसनात आणि रस्त्यावर काढलेली; नंतर शिकून टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठात अध्यापक झाले. २०१२ मध्ये कॅनडात बेघरपणाची एक राष्ट्रीय व्याख्या झाली होती, ती छप्पर आणि पत्ता यांभोवती फिरणारी होती. थिसल यांनी वडीलधारी मंडळी, ज्ञानधारक, निवाऱ्यांत काम करणारे आणि बेघरपण भोगलेले लोक यांच्याशी दीर्घ विचारविनिमय करून २०१७ साली आदिवासी बेघरपणाची वेगळी व्याख्या प्रसिद्ध केली. तिचं सार असं की आदिवासी माणूस बेघर होतो तो छप्पर गेल्यामुळे नव्हे, तर जमीन, पाणी, प्राणी, नातलग, भाषा, पूर्वज या सगळ्या नात्यांपासून तुटल्यामुळे. या व्याख्येत बेघरपणाच्या बारा तऱ्हा सांगितल्या आहेत. बाराही इथे वाचत नाही. एकच घेतो, जी आम्हाला सर्वांत बोचते : 'घरी परतण्याचं बेघरपण'. लहानपणी उचलून नेलेला माणूस चाळिशीत आपल्या वस्तीवर परत येतो. भाषा येत नाही, कोणी ओळखत नाही, घरांच्या यादीत नाव नाही. शहरात तो आदिवासी म्हणून उपरा आणि गावात शहरी म्हणून उपरा.

उपरा! मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ साली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळावर शिक्का मारला, ज्यांना स्वतंत्र भारतानेही १९५२ सालीच त्यातून मोकळं केलं, त्या भटक्या-विमुक्तांनी आपलं बेघरपण आधी आत्मकथनांतून सांगितलं. पाठीवर बिऱ्हाड असणं आणि घर नसणं यांतला फरक त्यांना कोणी शिकवावा लागला नाही. थिसल यांनीही २०१९ मध्ये आत्मकथन लिहिलं आणि ते कॅनडात खूप वाचलं गेलं. मात्र त्यांचा क्रम उलटा : आधी व्याख्या, मग आत्मकथन. आपल्याकडे आत्मकथनं चाळीस वर्षांपूर्वी आली. त्यांतून एखादी व्याख्या घडून ती शासनाच्या घरकुल योजनेच्या अर्जात पोहोचावी, हे काम आमच्या विद्यापीठांतल्या लोकांना करता आलं असतं.

इंग्लंडच्या तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली 'ज्ञानविषयक अन्याय' अशी कल्पना मांडली. माणसाचं म्हणणं खोटं ठरवणं हा त्याचा एक प्रकार; पण त्याला जे भोगावं लागतं त्याला शब्दच उपलब्ध नसणं हा दुसरा, जास्त खोल. २०१७ ची व्याख्या या दुसऱ्या अन्यायावरचा उतारा आहे, असं आम्ही समजतो. ती संशोधकाने वस्तीवर जाऊन काढलेली नाही. ज्यांनी भोगलं त्यांच्यातच बसून घडली.

म्हणून सगळं छान झालं, असं मात्र नाही. दोन अडचणी सांगून थांबतो. पहिली व्यवहाराची. भागीदारी वेळ खाते. वडीलधाऱ्यांना भेटायचं, तंबाखू अर्पण करून विनंती करायची, समाजाची बैठक होईपर्यंत थांबायचं. विद्यापीठाचा निधी मात्र आर्थिक वर्षाच्या हिशोबाने चालतो. मग निधीच्या अर्जात भागीदार संस्थेचं नाव येतं, बैठकीला आरंभी प्रार्थना होते, आणि प्रश्नावली आधीच छापून तयार असते. त्या लहान संस्थांना एकाच वेळी अनेक विद्यापीठांच्या समित्यांवर बसावं लागतं, तेही बहुधा फुकट.

दुसरी अडचण मूलभूत आहे. 'मालकी, नियंत्रण, पोहोच, ताबा' हे सूत्र घडलं रिझर्व्हवरच्या समाजासाठी. तिथे मुख्य आहे, परिषद आहे, होकार-नकार द्यायला कोणीतरी आहे. विनिपेगच्या मेन स्ट्रीटवर झोपलेल्या माणसाच्या वतीने होकार कोणी द्यायचा? त्याच्या मूळ वस्तीने, जिथे तो वीस वर्षांत गेला नाही? मेती संघटनेने? निवारा चालवणाऱ्या संस्थेने, जिच्याशी त्याचं कदाचित कालच भांडण झालं आहे? की त्याने एकट्याने, आणि मग समाजाचा हक्क कुठे गेला? ज्याचं बेघरपण समाजापासून तुटण्यातच आहे, त्याच्याशी समाजामार्फत भागीदारी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? २०१० च्या नियमांत शहरातल्या आदिवासींचा उल्लेख आहे, समान हितसंबंधांनी बांधलेल्या गटालाही समाज मानावं असं तिथे म्हटलं आहे. विनिपेगमध्ये आता बेघरपण भोगलेल्या लोकांनाच सल्लागार म्हणून मानधन देऊन बसवण्याची पद्धत रुजते आहे. त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही, पण रात्री पारा उतरला की माणसं कुठल्या पुलाखाली, कुठल्या बसथांब्यावर सापडतात, हे त्यांना माहीत असतं.

वेळ होत आला. पाणी घेतो, मग तुमचे प्रश्न घेऊ.